खोली एकांगी आहे, म्हणूनच डायपोल

‘तुमचा हॉल सिमेट्रिकल नाही, तेव्हा डायपोल स्पीकरचा नाद सोडा.’ हा सल्ला आपल्याकडे इतक्या सहजपणे दिला जातो की त्याचं कारण कुणी विचारत नाही. विकणारे देतात, जुने श्रोते देतात, आणि ज्यांनी कधी एखादं पॅनेल घरी लावून ऐकलेलं नाही तेही देतात. घेणारा मग पेटीबंद स्पीकरची जोडी घेऊन जातो, टीव्हीच्या युनिटवर ठेवतो आणि एका बाजूला सरकलेलं गाणं वर्षानुवर्षं ऐकत राहतो. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. खोलीची एक बाजू भिंतीने बंद आणि दुसरी उघडी असेल, तर त्या खोलीत डायपोलइतका समंजस स्पीकर दुसरा नाही. खोलीतली असमानता कुठल्या दिशेला येऊ द्यायची, हे मात्र आधी ठरवावं लागतं. सल्ला देणारे नेमकी तीच गोष्ट विचारत नाहीत.

डायपोलला पेटी नसते. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्ही लहरी बाहेर पडतात, एकमेकींच्या उलट. पॅनेलच्या कडेच्या रेषेत, म्हणजे ९० अंशांवर, त्या सारख्या ताकदीने भेटतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. वरून पाहिलं तर एक गोल पुढे, एक मागे आणि दोन्हींच्या मध्ये, डावी-उजवीकडे, जवळजवळ शांतता. या शांत दिशेला मी मुकी बाजू म्हणेन. पीटर वॉकर यांचा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक इंग्लंडमध्ये १९५७ साली बाजारात आला तेव्हापासून, जिम वायनी यांनी १९६९ मध्ये मिनेसोटात सुरू केलेल्या मॅग्नेपॅनपासून ते सीगफ्रीड लिंकविट्झ यांच्या ओरायन आणि एलएक्स५२१ पर्यंत, ही सगळी यंत्रं दिसायला वेगळी असली तरी मुकी बाजू सगळ्यांना आहे.

आता पहिला आरोप घेऊ: ‘डायपोल मागेही वाजतो, म्हणजे तो खोलीला दुप्पट छेडतो. खोली वाकडी असेल तर दुप्पट बिघडणार.’ ऐकायला पटतं, पण हिशेब चुकीचा आहे. समोर बसलेल्या माणसाच्या कानावर तेवढाच आवाज पोचवायचा असेल, तर सर्व दिशांना वाजणाऱ्या स्रोताला जितकी ध्वनिशक्ती खोलीत सोडावी लागते, तिच्या फक्त एक तृतीयांश शक्ती आदर्श डायपोल सोडतो. डेसिबलमध्ये ४.८ ने कमी. पेटीबंद स्पीकर वरच्या पट्टीत पुढच्या दिशेलाच जास्त वाजतो हे खरं, पण माणसाच्या आवाजाचा खालचा अर्धा भाग आणि सगळा खर्ज तो चहूकडे फेकतो. म्हणजे खोलीला जास्त छेडतो तो पेटीबंद स्पीकर. त्याची मागची बाजू डोळ्यांना बंद दिसते म्हणून ती कानांनाही बंद वाटते, इतकंच.

गंमत म्हणजे हेच भौतिकशास्त्र उलट्या बाजूने वापरणाऱ्यांना कुणी असा सल्ला देत नाही. रिबन मायक्रोफोनची ऐकण्याची दिशा अगदी अशीच असते, पुढे एक गोल, मागे एक. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आरसीएचे रिबन मायक्रोफोन आले आणि रेडिओ स्टुडिओंतल्या लोकांनी त्यांची मुकी बाजू नको असलेल्या आवाजाकडे वळवायला सुरुवात केली. ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ च्या पेटंटमध्ये स्टिरिओची जी कल्पना मांडली, तिच्यातही असेच दोन मायक्रोफोन एकमेकांशी काटकोनात ठेवण्याची पद्धत आहे. वादकांनी भरलेली खोली कधीच दोन्ही बाजूंनी सारखी नसते, आणि तिथे मुकी बाजू उपयोगी पडते ती याच कारणाने. मग तीच बाजू स्पीकरला असली की ती अडचण कशी ठरते?

नुसत्या तत्त्वावर थांबू नये, म्हणून एक हॉल घेतो. पुण्या-मुंबईच्या टू बीएचकेमध्ये हमखास भेटणारा: १० फूट रुंद, १६ फूट लांब, खाली २ बाय २ फुटांच्या विट्रिफाइड फरश्या. डावीकडे सलग भिंत. उजवीकडे समोरच्या भिंतीपासून ५ फुटांपर्यंत भिंत आणि तिथून पुढे जेवणाच्या जागेकडे उघडलेला भाग. फरश्यांच्या सांध्यांचा इथे फार उपयोग होतो, कारण मोजपट्टी न घेताही दोन्ही बाजू जुळवता येतात. पॅनेल समोरच्या भिंतीपासून दोन फरश्या पुढे, म्हणजे १.२ मीटर. प्रत्येकाचा मध्य बाजूच्या भिंतीच्या रेषेपासून एक फरशी आत. दोघांच्या मध्ये तीन फरश्या. श्रोता पॅनेलच्या रेषेपासून २.२ मीटरवर.

डाव्या स्पीकरचा सरळ आवाज श्रोत्यापर्यंत सुमारे २.४ मीटर प्रवास करतो. डाव्या भिंतीवर आपटून येणारा सुमारे ३ मीटर. फरक ६६ सेंटिमीटरचा, वेळेत दोन मिलिसेकंदांहून थोडा कमी. उजव्या स्पीकरला असं परावर्तन नाही, कारण ज्या जागी ते व्हायचं तिथे भिंतच नाही. पेटीबंद स्पीकर असेल तर डावीकडचं हे परावर्तन मधल्या पट्टीत सरळ आवाजापेक्षा जेमतेम दोन-तीन डेसिबलने कमी असतं. इतक्या लवकर आणि इतक्या जोरात आलेली प्रत कान वेगळी ऐकत नाही. तो ती मूळ आवाजात मिसळून घेतो, आणि गायकाची जागा व रंग दोन्ही बदलतात. रंग यासाठी की दोन लहरींच्या बेरजेत २५८ हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडतो, म्हणजे गाणाऱ्या आवाजाच्या अगदी गाभ्यात, आणि तोही फक्त डाव्या चॅनेलमध्ये. त्याखालच्या स्वरांना उलट हीच भिंत फुगवते. नुसत्या या एका भिंतीचा हिशेब केला तरी डावीकडे जवळजवळ ५ डेसिबलची वाढ मिळते, उजवीकडे काहीच नाही. ‘छान बॉक्स स्पीकर घ्या’ हा सल्ला देणाऱ्याने या खोलीत नेमकं हे विकलेलं असतं.

त्याच जागी डायपोल ठेवा. तोंड सरळ श्रोत्याकडे केलं तर पॅनेल २२ अंश आत वळलेलं असतं आणि भिंतीकडे जाणारा किरण त्याच्या मध्यरेषेपासून ६६ अंशांवर निघतो. डायपोलची ताकद त्या कोनाच्या कोसाइनप्रमाणे घटते. अंतराची घट धरून परावर्तन सुमारे १० डेसिबल खाली जातं. हे काही न करता, स्पीकर नुसता नेहमीसारखा वळवून. आता आणखी वळवा, ३४ अंशांपर्यंत. परावर्तन १५ डेसिबलच्या खाली. आणखी वळवून ४६ अंशांवर आलात की मुकी बाजू थेट भिंतीवरच्या त्या बिंदूकडे रोखली जाते. दोन्ही स्पीकरच्या मध्यरेषा आता श्रोत्याच्या पुढ्यात एकमेकींना छेदतात, श्रोता २४ अंश बाजूला पडतो, आणि त्याची किंमत आहे फक्त ०.८ डेसिबल. माझ्या मते एकांगी खोलीवरचा याहून स्वस्त उपाय ध्वनिशास्त्रात नाही. डावीकडे भिंत आहे, पण तिच्याकडे आवाज जात नाही. उजवीकडे भिंत नाही. श्रोत्याच्या कानाला दोन्ही बाजू सारख्या.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण डायपोलचे चाहतेसुद्धा इथे घसरतात. डावा स्पीकर भिंतीमुळे जास्त वळवायचा आणि उजवा मोकळा म्हणून कमी, असं करू नका. दोन्ही सारखेच वळवा, वाईट बाजूला जो कोन लागतो तो दोघांनाही द्या. दोन कोन वेगळे झाले की दोन स्पीकरचा सरळ आवाजच वेगळा होतो, विशेषतः वरच्या पट्टीत, आणि सरळ आवाजातला फरक कुठल्याही परावर्तनापेक्षा जास्त नुकसान करतो. रुंद पॅनेल वरच्या पट्टीत कोसाइनपेक्षाही लवकर अरुंद होतं, म्हणून अशा पॅनेलला पूर्ण ४६ अंश देऊ नयेत. तीस ते पस्तीसच्या मध्ये कुठेतरी थांबावं. क्वाडच्या ईएसएल-६३ मध्ये पडदा वर्तुळाकार कड्यांत विभागून प्रत्येक कड्याला क्रमाने उशीर दिलेला आहे, जणू आवाज पडद्याच्या मागच्या एका बिंदूतून पसरतो आहे. अरुंद रिबन ट्वीटर असलेले किंवा असा काही उपाय केलेले स्पीकर जास्त कोन सहन करतात.

कोन बरोबर लागला की नाही हे तपासायला सॉफ्टवेअर नको. घरातल्या कुणाला तरी आरसा घेऊन भिंतीला लावायला सांगा आणि स्वतः ऐकण्याच्या जागी बसा. आरसा सरकवत नेला की एका जागी त्यात डावं पॅनेल दिसतं. आपल्या हॉलमध्ये ती जागा समोरच्या भिंतीपासून साधारण तीन फरश्यांवर येईल. त्या आरशात पॅनेलचा चेहरा दिसत असेल तर अजून वळवायला वाव आहे. नुसती कड दिसली पाहिजे; रुंद पॅनेल असेल तर मात्र वर सांगितलेल्या कोनावरच थांबा.

आता विरोधकांचा सर्वांत जोरदार मुद्दा, आणि तो मी हलका करणार नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत दीर्घकाळ काम केलेले फ्लॉइड टूल यांनी सांगितलं आहे की बाजूच्या भिंतींवरून येणारी परावर्तनं नेहमी शत्रू नसतात. अनेक श्रोत्यांना ती आवडतात, कारण त्यांनी आवाजाला रुंदी आणि अवकाश मिळतो. मग ती मारून टाकणारा डायपोल कशाला? टूल यांचं निरीक्षण मला मान्य आहे. पण बाजूची परावर्तनं सुखद ठरायची तर ती दोन्ही बाजूंनी यावी लागतात. आपल्या हॉलमध्ये रुंदी येणार ती एकाच बाजूने, आणि एका बाजूने आलेली रुंदी म्हणजे ओढ. अवकाश हवाच असेल तर तो डायपोलकडे आहे, मागच्या लहरीत. वरच्या मांडणीत ती समोरच्या भिंतीवर आपटून सरळ आवाजानंतर ६.७ मिलिसेकंदांनी पोचते, आणि कोपऱ्यातून दोनदा आपटून येणारी ७.८ मिलिसेकंदांनी. लिंकविट्झ स्पीकर समोरच्या भिंतीपासून निदान एक मीटर पुढे ठेवायला सांगत ते याचसाठी. सुमारे सहा मिलिसेकंदांचं अंतर मिळालं की मेंदू सरळ आवाज आणि खोलीचा आवाज वेगळे धरतो आणि खोलीकडे लक्ष देणं सोडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. महत्त्वाचं हे की मागची लहर डावी-उजवीकडे सारखीच असते, कारण समोरची भिंत आणि तिचे दोन कोपरे दोघांसाठी सारखे आहेत.

माझ्या सगळ्या मांडणीचा कणा या शेवटच्या वाक्यात आहे. बाजूची असमानता डायपोलला परवडते, कारण तिच्यासाठी त्याच्याकडे मुकी बाजू आहे. मागची असमानता त्याला अजिबात परवडत नाही, कारण तिथे त्याचा अर्धा आवाज जातो. डाव्या पॅनेलच्या मागे बाल्कनीचं उघडं सरकतं दार आणि उजव्याच्या मागे काँक्रीटची भिंत, अशी मांडणी केलीत तर डायपोल वाईटच वाजेल, आणि तो तसा वाजलेला ऐकूनच बहुतेक लोकांनी त्याच्याविषयीचं मत बनवलं असावं असा मला दाट संशय आहे. दोष खोलीच्या वाकडेपणाचा नव्हता, तो वाकडेपणा पाठीमागे घेतल्याचा होता. उपाय सोपा आहे पण घरात भांडण लावणारा: मांडणी फिरवा. सोफा टीव्हीसमोर हवा म्हणून स्पीकरही टीव्हीच्या भिंतीला, हा हट्ट सोडा. हॉलची जी भिंत सलग आहे आणि जिचे दोन्ही कोपरे शाबूत आहेत, ती पाठीशी घ्या. उघडा भाग, पॅसेज, स्वयंपाकघराचं दार, सगळं स्पीकरच्या पुढे, बाजूला किंवा श्रोत्याच्या मागे येऊ द्या. पेटीबंद स्पीकरवाला नेमकं उलट करेल, आणि त्याच्यासाठी ते बरोबरही असेल. म्हणून पेटीबंद स्पीकरची जागा डायपोलला देऊन त्याची परीक्षा घेणं अन्यायाचं आहे.

काही घरांत फिरवणं शक्यच नसतं. तिथे मोकळ्या बाजूच्या मागे लाकडी घडीचा पडदा उभा करता येतो, पण तो खरोखर मोठा हवा, निदान चार फूट रुंद आणि पॅनेलइतका उंच. छोटा पडदा फक्त वरचे स्वर परतवतो. याच कारणाने पॅनेलच्या मागच्या भिंतीवर फोम चिकटवण्याचा सल्लाही मी नाकारतो. दोन इंच फोम वरची पट्टी गिळतो आणि मधली तशीच परत पाठवतो. मग मागून येणाऱ्या प्रतीचा रंग मूळ आवाजाशी जुळत नाही, आणि जी प्रत मेंदूने सहज बाजूला ठेवली असती ती खटकायला लागते. भिंत मोकळी ठेवा, नाहीतर पुस्तकांचं कपाट ठेवा. पण जे डावीकडे, ते उजवीकडे.

‘बाकीचं सॉफ्टवेअर बघून घेईल’ या वाक्याने मला सर्वांत जास्त राग येतो, कारण ते विकत घेणाऱ्याला विचार करू देत नाही. रूम करेक्शन ऐकण्याच्या जागी मायक्रोफोन ठेवून सरळ आवाज आणि परावर्तन यांची बेरीज मोजतं आणि ती बेरीज सपाट करतं. डावीकडची बेरीज भिंतीमुळे वेगळी, उजवीकडची वेगळी, म्हणून ते दोन चॅनेलना दोन वेगळी वळणं देतं. परिणाम असा की आधी सारखे असलेले दोन सरळ आवाज आता एकमेकांपासून वेगळे होतात. परावर्तन तिथेच राहतं, त्याच दिशेने येतं, त्याच वेळी पोचतं. कानाला दिशा आणि वेळ कळते, मायक्रोफोनच्या आलेखाला फक्त उंची कळते. या हॉलइतक्या खोलीत साधारण २०० हर्ट्झच्या खाली, जिथे खोलीचे स्वतःचे मोड, म्हणजे तिच्या मापांनुसार घुमणारे स्वर, राज्य करतात, तिथे करेक्शन जरूर वापरा, मी स्वतः तेच सांगेन. त्याच्या वर डाव्या-उजव्याला वेगळं वळण देणं म्हणजे निरोगी डोळ्याला चष्मा लावणं.

खर्जाबद्दल डायपोलच्या बाजूने मी जास्त बोलणार नाही, कारण तिथे सगळं त्याच्या बाजूने नाही. १६ फूट लांबीचा पहिला मोड ३५ हर्ट्झला येतो, १० फूट रुंदीचा ५६ ला. डायपोल मोडला हवेच्या दाबाने छेडत नाही, हवेच्या हालचालीने छेडतो, म्हणून सरळ तोंड केलेला डायपोल रुंदीच्या मोडला जवळजवळ हात लावत नाही. पण आपण तो आत वळवला आहे, तेव्हा हा फायदा काही प्रमाणात गेला. शिवाय पहिल्या मोडच्या खाली तो खोलीत दाब उभा करू शकत नाही, त्याचा खर्ज तिथे ओसरतो. पखवाजाच्या डाव्या पुडीसाठी तो पुरतो, आणि चांगला पुरतो. चित्रपटातल्या स्फोटांसाठी पुरत नाही. ज्याला ते हवं त्याने वेगळा सबवूफर घ्यावा किंवा डायपोल घेऊ नये.

शेवटचा आक्षेप जागेचा. चार फूट पुढे आणून ठेवायला जागा कुणाकडे आहे, असं विचारतात. ऐकतानाच ती लागते. पॅनेल पातळ असतात, ऐकणं झालं की भिंतीला सरकवता येतात, आणि फरशीच्या सांध्यावर टेपची खूण असेल तर पुन्हा त्याच जागी येतात. पेटीबंद स्पीकरला जागा लागत नाही हा समज आहे. तोही भिंतीला चिकटवला की बिघडतो, फक्त त्याच्याबद्दल तक्रार करायची पद्धत नाही.

एकांगी खोलीत कुठलाही स्पीकर लावल्यावर परीक्षा एकच घ्यावी, आणि तिचं साहित्य आपल्याकडे भरपूर आहे: जुनं मोनो ध्वनिमुद्रण. अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर, हिराबाई बडोदेकर यांच्या ७८ च्या तबकड्यांवर एकच चॅनेल आहे, दोन्ही स्पीकरमधून अक्षरशः तेच वाजतं. तेव्हा आवाज दोन पॅनेलच्या बरोबर मध्ये, अरुंद जागी उभा राहिला पाहिजे. सगळाच आवाज एका बाजूला सरकला असेल तर आधी आसनापासून दोन्ही पॅनेलच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. १० सेंटिमीटरच्या फरकाने ०.३ मिलिसेकंद पडतात आणि तेवढ्यानेही जागा हलते. अंतरं जुळूनही आवाज भिंतीकडे पसरत असेल तर आरसा पुन्हा लावा, मुकी बाजू चुकली आहे. आणि तार सप्तकात जागेवर असलेला आवाज मंद्रात उतरताना एका बाजूला झुकत असेल, तर पॅनेलला हात लावू नका, त्याच्या मागे काय आहे ते पाहा. यातलं एकही काम न करता ज्याने ‘तुमच्या हॉलमध्ये डायपोल चालणार नाही’ असं सांगितलं, त्याला याच हॉलमध्ये, याच आसनावर, त्याच्या पेटीबंद स्पीकरवर हीच तबकडी लावून दाखवायला सांगा.